नऊ झाडांचा विसार

परवा वाशीच्या बाजारात वालाच्या शेंगा दिसल्या. टच्च भरलेल्या, जांभळट कडांच्या, आणि शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याची जुडी. विकणाऱ्या बाईने माझ्याकडे न बघताच विचारलं, "पोपटीला ना गं?" मी नुसती मान हलवली. त्या उग्र हिरव्या पाल्याचा वास नाकात शिरला की मला बोलता येत नाही. एरवी माझं तोंड बंद व्हावं म्हणून आईने नवस बोलला होता, तो अजून फिटलेला नाही.

चार हिवाळे झाले त्या गोष्टीला. दरवर्षी शेंगा आल्या की तो हिवाळा आपोआप परत येतो, आणि दरवर्षी मी ठरवते की यंदा लिहायचं. मला पत्रक लिहिता येतं. निषेध लिहिता येतो. निषेधाला तीन उद्गारचिन्हं आणि खाली 'समस्त जागरूक नागरिक' एवढं पुरतं. आभाराला काय लागतं ते मला कुणी शिकवलं नाही. तेव्हा जमेल तसं लिहिते. उद्गारचिन्हं राहिली असतील तर माफ करा.

त्या वर्षी वाशी अर्धीच होती. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून एका बाजूला खाडी दिसायची, दुसऱ्या बाजूला उघडे खांब, सळ्या आणि रेतीचे ढीग. पुलावरून येणारा वारा डिसेंबरात खरोखर गार असायचा. संध्याकाळी तो फिरला की बेलापूर रोडच्या कारखान्यांचा आंबट वास घरात शिरायचा आणि बाबा खिडक्या लावत म्हणायचे, "घ्या, औद्योगिक प्रगती आली." आणि मधल्या पट्ट्यात, सरकारने ताब्यात घेतलेल्या शेतांत, त्या वर्षी भात आपोआप उगवला होता. कुणी पेरला नव्हता. मागल्या वर्षीच्या सांडलेल्या दाण्यांचाच तो. शेजारच्या बोनकोडे गावची माणसं, ज्यांची ती शेतं होती, बांधावर उभी राहून त्याच्याकडे बघायची. कापायचा तर तो आपला नाही, आणि सोडायचा तर हात शिवशिवतात. शेवटी गुरांनी खाल्ला. मी त्यावर एक पत्रक लिहिलं होतं. ते चांगलं होतं, अजूनही म्हणते.

वाईट होतं ते दुसरं पत्रक.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे तापाची साथ यावी तशी शेअरची साथ आली होती. जिन्यात भेटलेली माणसं पाणी आलं का हे विचारायच्या आधी 'फॉर्म भरलात का' असं विचारायची. किराणावाल्याच्या गल्ल्यावर अर्जांचे गठ्ठे. ज्या बाबांनी आयुष्यात पोस्टाच्या पुस्तकापलीकडे कशावर विश्वास ठेवला नव्हता, ते वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला लागले. आणि या सगळ्याच्या खाली, हळू आवाजात, एक दुसरा धंदा चालायचा. त्याला तेजी-मंदी म्हणत. कायद्याने बंदी होती, म्हणून चहाच्या टपरीवर चालायचा.

मला तेव्हा कळलं होतं ते एवढंच. एखादा शेअर आज पन्नास रुपयांना आहे. तुम्हाला वाटतं, महिन्याभरात तो पुष्कळ चढेल, पण शेअर विकत घेण्याएवढे पैसे नाहीत. मग तुम्ही कुणालातरी शेअरमागे दोन रुपये देता. त्या दोन रुपयांना नजराणा म्हणायचं. त्याच्या बदल्यात तुम्हाला हक्क मिळतो: महिनाअखेरपर्यंत केव्हाही तो शेअर त्याच्याकडून पंचावन्नला मागायचा. चढला तर मागा, नाही चढला तर मागू नका, दोन रुपये गेले. ही तेजी. उलटी बाजू म्हणजे मंदी: भाव पडेल असं वाटलं तर ठरल्या भावाला विकायचा हक्क विकत घ्यायचा.

आमच्या सोसायटीतले तीन कारकून आणि एक ड्रॉइंग मास्तर दर महिन्याला नजराणा भरत आणि दर महिन्याला घालवत. मास्तरांच्या बायकोने माझ्या आईपाशी डोळे पुसले. एवढं मला पुरलं. मी बावीस वर्षांची होते, आमची चौघांची समिती होती, आणि एक सायक्लोस्टाइल यंत्र होतं. शाईने काळ्या झालेल्या हातांनी मी लिहिलं:

'नजराणा देऊ नका!!! देणारा बुडतो, घेणारा गब्बर होतो!!!'

हजार प्रती काढल्या. वाशीत वाटल्या, कारखान्यांच्या गेटवर वाटल्या, बोनकोड्यात घरोघर टाकल्या. बोनकोड्यात खळीचा डबा घेऊन भिंतीवर कागद लावायला माझ्याबरोबर बाळाराम होता. बाळाराम म्हणजे रसायनाच्या एका कारखान्यातला प्लँट ऑपरेटर, पस्तिशीचा, बोनकोड्याचाच. त्याची शेती त्या ताब्यात घेतलेल्या पट्ट्यात गेली होती, आणि मोर्चात घोषणा देताना त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा. तो शिडीवरून ओरडला, "बाय, कागद वाकरा लागला तं चालंल का?"

"मजकूर सरळ आहे ना, मग चालेल," मी म्हणाले. काय तो माझा रुबाब.

दिवाळी झाल्यावर आमच्या दारात एक उंच, पांढरी टोपी घातलेले गृहस्थ आले. हातात माझं पत्रक, त्यावर लाल शाई.

"मी मुकादम. मागच्या गल्लीत राहतो. हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. का?"

"अकरा चुका आहेत. शुद्धलेखनाच्या सोडून."

मुकादमचाचा मूळचे उरणकडचे. तीस वर्षं फोर्टात एका दलालाच्या पेढीवर कारकून होते. सौद्याच्या गर्दीत उभं राहून हाताच्या खुणा करायच्या आणि घसा फुटेपर्यंत भाव ओरडायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर इकडे घर घेतलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं: दलाल.

"इथे बघा," ते दारातच उभे राहून सांगायला लागले. "देणारा बुडतो, घेणारा गब्बर होतो. हे उलटं आहे, बेटा. नजराणा देणारा जास्तीत जास्त काय घालवेल? नजराणा. तेवढाच. आधीच ठरलेला. घेणाऱ्याला आम्ही खाणारा म्हणतो. तो दहा वेळा थोडं थोडं खातो आणि अकराव्या वेळी त्याला कोण खातं ते कळत नाही. त्याच्या नुकसानीला तळ नाही. तुम्ही धोक्याची पाटी चुकीच्या रस्त्यावर लावलीय."

मी काय म्हणाले? लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "सट्टेबाजांची वकिली करायला तुम्हाला कुणी पाठवलं?"

त्यांनी टोपी सारखी केली. पत्रकाच्या मागे घराचा नंबर लिहिला, कागद उंबऱ्यावर ठेवला. "लागेल," एवढंच म्हणाले, आणि गेले. मी दार आपटलं. ते नीट आपटलं नाही, नवीन बांधकामात दारं फुगतात.

पौषातल्या एका दुपारी बाळाराम आला. पहिल्या पाळीवरून थेट. कपड्यांना कारखान्याचा वास. एरवी येताजाता हसणारा माणूस, पण त्या दिवशी खुर्चीवर बसेना.

"बाय, तेजी चढली."

"कुणाची?"

"माझी. म्हंजे, माझ्या अंगावर."

आणि मग तो सांगायला लागला. त्याच्या कारखान्याने शेअर काढले तेव्हा कामगारांनाही थोडे दिले होते. बाळारामकडे शंभर आले. कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रधान म्हणून एकजण होता, तो शहरातल्या लोकांसाठी तेजी लावायचा. म्हणजे त्यांच्या वतीने नजराणा द्यायचा आणि घेणारे शोधायचा. त्याने बाळारामला विचारलं, आणि बाळारामने नजराणा घेतला. पहिल्या महिन्यात शंभर शेअरवर दोनशे रुपये. भाव पंचावन्नपर्यंत पोचलाच नाही, कुणी शेअर मागितले नाहीत, दोनशे खिशात.

"दुसऱ्या महिन्यान तीनशे शेअरवर सहाशे आले. आमच्या म्हशीनं बी कंदी येवढं दिलं नाय, बाय. मंग या महिन्यान हजारावर घेतला. दोन हजार."

"पण तुझ्याकडे शंभरच आहेत ना रे शेअर!"

"शंभरच हायेत."

"मग हजारावर कशाला घेतलास? मी एवढी पत्रकं वाटली, तू माझ्याबरोबर ती भिंतीवर लावलीस..."

बाळारामने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. शिक्षकाने सांगितलं तसंच गणित केलं आणि उत्तर चुकलं, तर पोरगा बघतो तसं बघणं.

"म्हनून तं घेतला. तुमीच लिवलंत ना, देनारा बुरतं, घेनारा गब्बर व्हतं. मी म्हनलं, आपन घेनारा व्हावा."

चार वर्षांत मी मोर्चात धक्के खाल्ले, लॉरीत बसून चौकीवर गेले. त्या वाक्याएवढं मला काही लागलेलं नाही.

शेअर त्रेसष्टला गेला होता. महिना संपायला दहा दिवस होते. बाळारामजवळ जमिनीच्या मोबदल्यातले बावीस हजार होते, शेवटचे. बाकीचे घराच्या भिंतींत, लग्नात, आजारपणात गेलेले. त्या बावीस हजारांत त्याला टेम्पोचा पहिला हप्ता भरायचा होता. शेत गेलं, भाऊ बेकार, दोघांनी मिळून टेम्पो चालवायचा, एवढं साधं. टेम्पो गेला तर शेताच्या जागी काहीच उरणार नव्हतं.

उंबऱ्यावरचा तो कागद मी फेकला नव्हता. का नव्हता ते माहीत नाही. आम्ही दोघं मागच्या गल्लीत गेलो.

मुकादमचाचांनी दार उघडलं, मला पाहिलं, बाळारामला पाहिलं, आणि आत हाक दिली, "अगं, सांदणं आण. दोघांना भूक लागलेली दिसते." मला टोमणा अपेक्षित होता. तो आला नाही, आणि म्हणून मी मान खाली घालून सांदण खाल्लं. तांदळाचं, नारळाच्या दुधातलं, ऊन ऊन. चाचींनी माझ्या ताटलीत दुसरं वाढलं तेव्हा मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

सगळं ऐकल्यावर चाचांनी बाळारामला विचारलं, "तुझ्या वडिलांचं आंब्याचं झाड होतं का?"

"व्हतं ना. बांधावरचं. आता रस्ता गेला त्याच्यावरशी."

"मोहोरात द्यायचे का कुणाला?"

"द्यायचे. पनवेलचा बागवान यायचा माघात. मोहोर बघायचा, भाव ठरवायचा, इसाराचे आगाऊ पैसे देऊन जायचा."

"मग मोहोर गळला तर?"

"तं बागवान येईतच नाय. इसार आमचा."

"आणि झाड लदबदलं, बाजारात भाव दुप्पट झाला तर?"

"तरी ठरल्या भावातच न्यायचा. बाबा कुरकुरायचा, पन द्यायचा."

"कुरकुरून का होईना, देता यायचं. का? झाड त्याचं होतं." चाचा पुढे वाकले. "तुझे शंभर शेअर म्हणजे ते झाड. त्यावर तू विसार खाल्लास तिथपर्यंत ठीक होतं. भाव चढला असता तर तू कुरकुरला असतास, बस. पण तू एका झाडाचा मालक, आणि दहा झाडांचा विसार खाल्लास. नऊ झाडं दुसऱ्याची. आता बागवान टोपल्या घेऊन दारात उभा आहे. ती फळं तुला बाजारातून घ्यावी लागतील, आज जो भाव असेल त्याला."

बाळारामच्या ओठांची हालचाल होत होती. तो झाडं मोजत होता. मी चार महिन्यांत न समजलेली गोष्ट दोन मिनिटांत समजले होते, आणि तीही माझ्या पत्रकातल्या एकाही शब्दाशिवाय.

"मग हे लोक नजराणा देतात तो मूर्खपणा नाही?" मी विचारलं. अजून थोडी अकड शिल्लक होती.

"बऱ्याचदा असतो. तुमचे मास्तर दर महिन्याला देतात तो असतोच. पण असंही बघ. एखाद्याकडे शेअर आहेत, सहा महिन्यांनी मुलीचं लग्न आहे, आणि मधे भाव कोसळेल अशी त्याला धास्ती आहे. तो थोडा नजराणा देऊन ठरल्या भावाला विकायचा हक्क घेऊन ठेवतो. पडला तर वाचला, नाही पडला तर नजराणा गेला. छत्री घेतली आणि पाऊस आला नाही म्हणून कुणी रडतं का?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "फक्त ती छत्री विरघळणारी असते, एवढं ध्यानात ठेव. दिवाळे गावच्या कोळणींना विचार. बर्फाची लादी सकाळी घेतली तर पूर्ण किंमत, दुपारी अर्धी, संध्याकाळी नुसतं पाणी. हक्काचंही तसंच. भाव हलला नाही तरी दिवस संपतात, आणि दिवसांबरोबर किंमत वितळते. नजराणा देणारा भावाशी खेळतोय असं समजतो. निम्मा तो दिवसांशी खेळत असतो."

"तुमी किती कमावलंत यात?" बाळारामने सरळ विचारलं.

"एक पैसा नाही. स्वतःचा एकही सौदा केला नाही. आमच्यात हराम." मग ते हसले. "आणि त्याहून मोठं कारण, मला गणित येतं."

आतून चाचींचा आवाज आला, "गणित येतं, आणि भाजी आणायला गेले की पैसे सांडून येतात."

तेवढ्यात मला सुचलं. कायदा! "चाचा, हा सौदाच बेकायदा आहे. कोर्टात टिकणार नाही. प्रधान काय करणार आहे? बाळाराम, एक पैसा देऊ नकोस. मी पत्रक काढते..."

"खरं आहे," चाचा शांतपणे म्हणाले. "कोर्ट प्रधानला दारात उभं करणार नाही. नाही म्हणायचं तर म्हणता येईल."

आम्ही दोघांनीही बाळारामकडे पाहिलं. बाहेर कुठेतरी काँक्रीटचं मिक्सर फिरत होतं, त्याचा घरघराट मला आजही ऐकू येतो. बावीस हजार वाचत होते. टेम्पो वाचत होता. माझं पत्रकसुद्धा वाचत होतं, एका अर्थी.

बाळाराम म्हणाला, "भाव खाली गेला असता, तं मी नजराना परत दिला असता काय?"

"नाही."

"मंग. खाल्लाय मी. आमच्या बाबानं इसार खाऊन झाड फिरवलं नाय कंदी." मग चाचांकडे वळून, "किती जातील, तेवढं सांगा."

चाचांनी पेन्सिल घेतली नाही, नुसतं वर बघितलं. भाव ऐंशीला गेला तर बावीस हजार आणि वर पाचशे. आणखी चढला तर त्याहून जास्त; वर कुठे थांबेल ते कुणीच सांगू शकत नाही. आजच सुटायचं ठरवलं तर आपले शंभर शेअर पंचावन्नला द्यायचे, आणि बाकीच्या नऊशेंवर शेअरमागे फरकाचे आठ रुपये. "प्रधान राहिलेल्या दहा दिवसांचा शेअरमागे एक रुपया वर मागेल. मागू दे. तो दिवसांचा भाव आहे. नऊशेंना नऊ. आठ हजार शंभर."

"आनि थांबलू तं?"

"थांबलास तर कदाचित काहीच जाणार नाही. कदाचित सगळं जाईल. जे गेलं तर चालणार नाही, ते घेऊन थांबायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी बाळारामबरोबर कारखान्याच्या गेटवर गेले. मला खलनायक हवा होता. प्रधान बुटका, सर्दीने बेजार झालेला, मफलरवाला माणूस निघाला. त्याने खरंच नऊ मागितले, एक कमी नाही, एक जास्त नाही. पैसे घेताना म्हणाला, "बाळाराम, मला वाटलं होतं तू तोंड लपवशील. मागच्या महिन्यात एका साहेबाने लपवलं." मी त्याच्यावर एक जळजळीत वाक्य तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

आता ऐका. महिनाअखेरीला भाव अठ्ठावन्नवर उतरला. थांबला असता तर शेअरमागे तीनच रुपये गेले असते. मी धापा टाकत बाळारामकडे गेले, चाचांच्या नावाने बोटं मोडत. तो अंगणात म्हशीला पाणी दाखवत होता.

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला. "सकाली प्रधाननं सांगितलं."

"मग? राग नाही येत?"

"बाय, ते दिवस मी जेवलू नव्हतू धर. हिला पन बोललू नव्हतू. पैसे टाकले त्या दिवशी घरी येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या." म्हशीच्या पाठीवर थाप मारून त्याने मला वर खाली पाहिलं. "तुमी बी वालल्यासारख्या दिसता. शनवारी या पोपटीला. चाचांना पन आना."

चाचा आले, आणि येताना कोंबडी स्वतः कापून घेऊन आले. "तुमच्यावर विश्वास आहे, तुमच्या सुरीवर नाही," म्हणाले, आणि बाळारामची बायको यशोदा एवढी हसली की तिच्या हातून मडकं सुटता सुटता राहिलं. भांबुर्ड्याच्या पाल्याचा थर, वालाच्या शेंगा, ओव्याची भर, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि गवऱ्या पेटवल्या. उन्हं कलली होती. खाडीवरून वारा आला आणि धूर आमच्या अंगावर. सगळे डोळे पुसत होते, त्यामुळे माझे कुणाला वेगळे दिसले नाहीत.

तिथेच चाचा म्हणाले, "तुझी बंदीची मागणी काय होती?"

"बंदी आहेच. ती कडक करा, ही होती."

"बंदी आहेच," त्यांनी मान हलवली. "म्हणून कुठे लिहिलेलं नाही, कुणी शिकवत नाही. बेकायदा म्हणजे होत नाही असं नाही, बेटा. बेकायदा म्हणजे फसलास तर दार ठोठवायला जागा नाही. जे पुढेमागे माणसं करणारच आहेत, ते त्यांना नीट सांगायला काय हरकत आहे?"

यावर माझं मत अजून पूर्ण ठरलेलं नाही. हरकत आहे असं मला अर्ध्या वेळा वाटतं. माणसाकडून आधी शेत काढून घ्यायचं, मग हातात नोटा ठेवायच्या, मग त्या नोटा काढून घेणारे रस्ते त्याच्या दारापर्यंत आणायचे, आणि शेवटी त्याला 'अज्ञानी' म्हणायचं, याची चीड मला आजही येते आणि येत राहो. पण चीड असली म्हणजे माहिती असते, हा माझा समज त्या हिवाळ्यात गेला. तो घालवण्याचे पैसे बाळारामने भरले. टेम्पो त्या वर्षी आला नाही. दीड वर्षाने आला, जुना, तीन चाकी, दिघा गावातल्या कुणाकडून घेतलेला. दोघं भाऊ आलटून पालटून चालवतात. मला बघितलं की भोंगा वाजवतात, गरज नसताना.

बाळारामने हे कुणालाच सांगितलं नसतं. माझं नाव तर मुळीच नाही. पण पत्रकं अजून भिंतींवर होती आणि घराघरांत होती, आणि आणखी किती बाळाराम ती वाचून 'घेणारा' व्हायला निघालेत हे मला कुठे माहीत होतं? समितीतले बाकीचे म्हणाले, नवीन पत्रक काढू, दुरुस्तीचं. मी म्हणाले, छापून चुकले, छापून सुटायचं नाही. पोपटीनंतरच्या रविवारी सकाळी मी बोनकोड्यात एकटी गेले.

भिंतींवरचे कागद आधी काढले. बाळारामची खळ चांगली होती, नखं दुखली. मग घरोघर. प्रत्येक ओट्यापाशी तेच वाक्य: "मी मागे कागद दिला होता, त्यात चुकीचं लिहिलं होतं. तो परत द्या." काहींनी चुलीत घातला होता. काहींनी त्यात सुकट गुंडाळली होती. एका घरात पोरांनी त्याची होडी केली होती. काही जण हसले. एक म्हातारा म्हणाला, "वाचलाच नव्हता," आणि तेवढा दिलासा मला आजवर कुणी दिलेला नाही.

शेवटचं घर नानीबायचं. सत्तरीची, एकटी राहणारी, डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या शेतावर तेव्हा पाण्याची टाकी उभी राहत होती. तिने पत्रक घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं, कारण लिहिलेलं टाकू नये.

"चुकीचं व्हतं?" तिने विचारलं.

"हो नानीबाय. मला कळलं नव्हतं आणि मी लिहिलं. माझ्यामुळे एकाचे पैसे गेले."

तिने कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमच्या दाराशी सांगाया लय आले, पोरी. जमीन घेनारे आले, मतं मागनारे आले, मोर्चावाले आले. सगले शाने. चुकलू म्हनून सांगाया कोन परत नाय आला."

मला तिच्या पाया पडायचं होतं, पण तिने हात धरून मला ओट्यावर बसवलं, लुगड्याच्या पदराने जागा झटकून.

"बस. माझ्या नातवाला पन कोनतरी इचारतंय म्हने, पैसे घे म्हनून. मना नीट सांग. देनारा कोन, घेनारा कोन, आनि कुनाचं किती जातं. घाई नको करू."

मी बसले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, हळू आवाजात, सुरुवातीपासून सांगायला लागले.